जंत गोडाने होत नाहीत

दिवाळीचे डबे भरायला लागले की एक वाक्य घरोघरी ऐकू येतं: "पुरे आता, गोड खाऊन जंत होतील." आजी म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात, शिकलेसवरलेले आईबाबाही म्हणतात. परातीभोवती बसलेल्या मुलाच्या हातातला बेसनाचा लाडू काढून घेतला जातो. त्याच मुलाने मघाशी किल्ल्यासाठी माती कालवली, हात नुसते नळाखाली धरले आणि तसाच येऊन बसला, याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. म्हणून हा समज निरुपद्रवी मानायला मी तयार नाही. तो पहारा बसवतो, पण भलत्याच दारावर.

जंत साखरेतून, गुळातून किंवा बेसनातून तयार होत नाहीत. जंत जंताच्या अंड्यातूनच होतो आणि ते अंडं किंवा त्यातली अळी बाहेरून शरीरात शिरावी लागते. लहान मुलांत सर्रास आढळणाऱ्या गोल जंताचंच बघा. त्याची मादी माणसाच्या लहान आतड्यात राहते आणि दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचावाटे बाहेर पडतात. पडल्या पडल्या ती कुणाच्या पोटात गेली तरी लागण होत नाही. ओलसर, उबदार मातीत ती दोन-तीन आठवडे पक्व व्हावी लागतात. म्हणजे लागण होण्यासाठी उघड्यावरचं शौच किंवा मैल्याने दूषित झालेली माती लागते आणि ती माती नखांतून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून किंवा पाण्यातून तोंडात जावी लागते. या साखळीत लाडू कुठेच नाही.

पुढचा प्रवास तर आणखी लांबचा. आतड्यात अंडं फुटलं की अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुफ्फुसांत जाते, श्वासनलिकेतून वर घशाशी येते, तिथे पुन्हा गिळली जाते आणि आतड्यात परतून मोठी होते. हे कुणी अंदाजाने सांगितलेलं नाही. १९२२ मध्ये शिमेसु कोइनो या जपानी डॉक्टराने जंताची अंडी स्वतः गिळली आणि पुढे त्याच्या थुंकीत अळ्या सापडल्या. अंडं पोटात गेल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन ते तीन महिने लागतात.

हा काळ लक्षात ठेवा, कारण "पाडव्याला लाडू खाल्ले आणि भाऊबीजेला जंत पडला, मी डोळ्यांनी पाहिलं" हा पुरावा मला दरवर्षी ऐकवला जातो. पाहिलं ते खरंच असणार. पण भाऊबीजेला पडलेला वीतभर लांबीचा जंत पाडव्याच्या लाडवातून एका रात्रीत वाढू शकत नाही. तो पोटात गेला असेल श्रावण-भाद्रपदात, माती ओली होती आणि मुलं चिखलात खेळत होती तेव्हा. दिवाळीत घरातलं प्रत्येक मूल गोड खातं. त्या दिवसांत जे काही दिसेल, त्याच्या आधी गोड खाल्लेलं असणारच. आधी घडलं म्हणून ते कारण ठरत नाही.

काहीजण थोडी माघार घेऊन म्हणतात, "होत नसतील, पण गोडाने वाढतात तरी." पोटातला गोल जंत तिथल्याच अन्नावर जगतो, मग ती भाकरी असो की शिरा. गोड बंद केल्याने तो उपाशी मरत नाही आणि गोड खाल्ल्याने एकाचे दोन होत नाहीत. त्याने आतड्यात घातलेली अंडी तिथल्या तिथे फुटतच नाहीत. संख्या वाढते ती नवी अंडी पोटात गेल्यावरच.

हा समज आला कुठून, तेही सांगायला हवं, कारण जुन्या लोकांना वेड्यात काढणं मला मान्य नाही. माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथात कृमींच्या कारणांत नेहमी गोड-आंबट खाणं, पिठाचे पदार्थ आणि गूळ यांचा उल्लेख आहे. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात जंताचं अंडं दिसणं शक्यच नव्हतं. जे दिसत होतं त्यावरून त्यांनी अनुमान बांधलं. आज ते अंडं शौचाच्या साध्या तपासणीत दिसतं. तरीही आपण त्या काळातलंच अनुमान मुलांना ऐकवत राहतो.

आता दिवाळीच्या स्वयंपाकाशी खरोखर संबंध असलेला जंत. रात्री मुलाच्या गुदद्वाराशी खाज सुटते ती सुतासारख्या बारीक पांढऱ्या जंतांमुळे. त्यांची मादी रात्री बाहेर येऊन तिथल्या कातडीवर अंडी घालते. मूल खाजवतं, अंडी नखांत जातात, तिथून चादरीवर, खेळण्यांवर, भावंडांच्या हातांवर. या अंड्यांना माती लागत नाही. काही तासांतच ती लागण करू शकतात. त्यामुळे चकाचक फ्लॅटमध्येही हे जंत घरभर फिरतात आणि डॉक्टर बहुधा घरातल्या सगळ्यांनाच औषध देतात.

फराळाला बसताना हे ध्यानात असू द्या. चकली, शंकरपाळी, करंजी उकळत्या तेलातून निघते. तिथे अंडं टिकत नाही. लाडवाचं बेसन मात्र आधी भाजून होतं आणि हात लागतो तो नंतर. वळलेला लाडू पुन्हा विस्तवावर जात नाही. म्हणून लाडू वळायला बसणाऱ्या प्रत्येकाची, मोठ्यांचीसुद्धा, नखं कापलेली हवीत आणि हात साबणाने, बोटांच्या बेचक्यांतून, वीस सेकंद चोळून धुतलेले हवेत. भाकरी गार झाल्यावर अस्वच्छ हाताने कुस्करली तरी धोका तोच. दोष हाताचा आहे, साखरेचा नाही.

एवढी काळजी घेतली की मुलांना खुशाल कामाला लावा. पाच वर्षांचं मूल कातण्याने शंकरपाळ्या कापू शकतं, लाडवावर बेदाणा लावू शकतं, करंजीत सारण भरू शकतं. कढईजवळ त्याला येऊ देऊ नका. आणि किल्ला जरूर करू द्या. सह्याद्रीचे बुरूज मातीत उभारण्याचा तो आनंद जंतांच्या भीतीने हिरावून घेऊ नका. किल्ला झाला की आधी साबण, मग फराळ.

या समजाची एक बाजू मला संतापजनक वाटते. फराळाचं ताट घरकामाच्या मावशींना किंवा बांधकामावरच्या कुटुंबांना देताना कुणीतरी म्हणतं, "त्यांच्या मुलांना कशाला एवढं गोड, आधीच पोटात जंत." त्या मुलांना जंत असतील तर ते वस्तीत पुरेशी शौचालयं नाहीत, नळाला पुरेसं पाणी नाही आणि पायात चपला नाहीत म्हणून. आकड्यासारख्या दातांचा जंत तर तोंडावाटे येण्याचीही वाट पाहत नाही. त्याची अळी अनवाणी पायाची कातडी भेदून आत शिरते आणि मोठा झालेला जंत आतड्यात रक्त शोषून पंडुरोग आणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मातीतून पसरणाऱ्या जंतांची लागण जगात सुमारे दीड अब्ज लोकांना आहे. ही सांडपाण्याची आणि गरिबीची गोष्ट आहे. ती मुलांच्या हावरेपणावर ढकलू नका. ताट भरून द्या आणि जमलं तर मुलांच्या मापाच्या चपलाही द्या.

बाकीचे समज थोडक्यात. गोड खाल्लं की मुलं चेकाळतात, हेही तपासून झालं आहे: १९९५ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात तेवीस चाचण्यांचा एकत्रित आढावा आला आणि साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. सणाला घर भरलेलं असतं, जागरण होतं, फटाके वाजतात. मुलं त्याने चेकाळतात. चेहऱ्यावरचे फिकट पांढरे चट्टे म्हणजे जंत, हे चूक. ते बहुधा कोरड्या त्वचेचे असतात. झोपेत दात खाणं हीसुद्धा जंतांची खूण नव्हे. साखरेऐवजी गूळ घातला की लाडू पथ्याचा होत नाही. गूळही बहुतांशी साखरच आहे. गोडाने दात किडतात, हे मात्र शंभर टक्के खरं, आणि लाडू हातातून काढून घ्यायचाच असेल तर हे कारण सांगा. लाडवापेक्षा चिवड्याची भीती बाळगा: चार वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकू शकतो. एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नका.

शेवटी या समजाने होणारं सर्वांत मोठं नुकसान. केंद्र सरकारने २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास शाळांत आणि अंगणवाड्यांत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. दोन वर्षांवरील मुलांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी, चुरडून. गोळी चावून खायची असते. त्या दिवशी बरेच पालक शाळेत कळवतात, "आमचा मुलगा गोड खातच नाही, त्याला गोळी नको." ज्यांनी अशी गोळी नाकारली आहे त्यांनी येत्या फेब्रुवारीत ती मुलाला घेऊ द्यावी. मूल त्या दिवशी आजारी असेल तर बरं झाल्यावर, काही दिवसांनी होणाऱ्या दुसऱ्या फेरीत ती मिळते.