तिबेटी कॅम्पाची पन्नास वर्षं

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडावर महादेवाचं देऊळ आहे आणि दर्गाही आहे; महाशिवरात्रीच्या जत्रेत माणसं दोन्हीकडे माथा टेकून येतात. त्याच परिसरात, गोठणगावजवळ, 1972 मध्ये तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली आणि तिच्यासोबत तिसरं श्रद्धास्थान येऊन बसलं. 'नोर्ग्येलिंग' हे वसाहतीचं कागदोपत्री नाव. आपल्याकडे सगळे तिबेटी कॅम्पच म्हणतात. तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी.

1959 च्या मार्चमध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसं. नेहरूंनी राज्यांकडे जमीन मागितली. म्हैसूर राज्याने बैलकुप्पे दिलं, मध्य प्रदेशाने मैनपाट, ओडिशाने चंद्रगिरी. महाराष्ट्राच्या वाट्याचे तिबेटी इथल्या झाडीपट्टीच्या जंगलात आले. सातूचं पीठ आणि लोण्याचा चहा यांवर वाढलेल्या माणसांना मे महिन्यातलं आपलं ऊन काय वाटलं असेल! जमीनही धानाची. चिखलात वाकून रोवणी करणं त्यांच्या बापजाद्यांनी कधी केलं नव्हतं.

परक्या मुलखात रुजायला जमिनीइतकाच माणसांचा आधार लागतो. निर्वासितांच्या पाठीशी उभं राहण्यात या देशातली चर्चं मागे नव्हती. फाळणीच्या लोंढ्यासाठी 1947 मध्ये चर्चनी एकत्र येऊन मदतकार्य सुरू केलं, त्यातूनच 'कासा' ही संस्था उभी राहिली. 1962 मध्ये स्थापन झालेली कॅथलिकांची 'कॅरिटास इंडिया' आणि ही 'कासा', दोघीही 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांच्या छावण्यांत राबल्या. पण छावणीत जीव जगवणं वेगळं आणि परक्या मुलखात गाव वसवणं वेगळं. युरोप-अमेरिकेत एखाद्या चर्चची मंडळी नव्या कुटुंबाला घर पाहून देतात, मुलांना शाळेत घालतात, सणाला जेवायला बोलावतात. आपल्याकडे जमीन सरकारने दिली आणि हा बाकीचा भार निर्वासितांनी सोबत आणलेल्या धर्मानेच उचलला, असं मला वाटतं.

कॅम्पात ते काम गोंपाने, म्हणजे बौद्ध मठाने, केलं. मृत्यूनंतरचे 49 दिवसांचे विधी असोत की लोसारचा, म्हणजे तिबेटी नववर्षाचा, सण, सगळे जमतात ते तिथेच. म्हातारी माणसं हातात माळ घेऊन प्रदक्षिणा घालतात आणि प्रदक्षिणा घालता घालता कुणाचं काय अडलंय तेही कळतं.

त्याच तालुक्यातल्या बंगाली वस्त्यांची कथा जरा निराळी. अरुणनगर, संजयनगर, पुष्पनगर ही नावं ऐकली तरी ही गावं अलीकडे वसवलेली आहेत हे कळतं. पूर्व बंगालमधून आलेल्या या माणसांना धान नवं नव्हतं, मासळी तर नव्हतीच. त्यांच्यातल्या बहुसंख्य नमःशूद्रांना धीर होता हरिचांद ठाकुरांच्या मतुआ पंथाचा, कीर्तनाचा आणि दुर्गापूजेचा. अडलं ते कागदावर. पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत असलेला हा समाज महाराष्ट्राच्या यादीत नाही, त्यामुळे जातीच्या दाखल्याची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे.

तिबेट्यांनी धानाला जोड दिली ती स्वेटरची. कापणी उरकली की कुटुंबं शहरांत जाऊन हिवाळी बाजारात दुकानं मांडतात. माल येतो लुधियानाहून आणि पुष्कळदा उधारीवर. हंगाम संपला की पैसे चुकते करायचे. लिहिलेल्या करारापेक्षा शब्दावर चालणारा हा व्यवहार कित्येक दशकं टिकला आहे. नागपुरात तिबेट्यांकडून स्वेटर घेतलेल्या कितीजणांना हे विक्रेते कुठून येतात हे ठाऊक असेल, शंकाच आहे.

कागदावर मात्र तिबेटीही अडले. 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सही नाही, त्यामुळे तिबेटी माणूस कायद्याने परदेशीच, नोंदणी प्रमाणपत्राचं नूतनीकरण करत राहणारा. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात इथे जन्मलेल्यांना नागरिकत्वाचा हक्क आहे, हे न्यायालयांनी मान्य करायलाही फार उशीर लागला. 2014 च्या केंद्रीय पुनर्वसन धोरणाने जमिनीचे भाडेपट्टे आणि सरकारी योजनांची वाट थोडी मोकळी केली. पण तोवर कॅम्पातली पोरं शिकून मोठ्या शहरांकडे आणि परदेशाकडे पाहू लागली होती.