पहिला किताब देणारी स्पर्धा

मार्च २०१५मध्ये मुंबईत इंडियन ओपन स्नूकरची फायनल झाली आणि वेल्सच्या मायकल व्हाइटनं रिकी वॉल्डनला ५-० असं धुऊन काढलं. वॉल्डनच्या नावावर तोवर तीन रँकिंग किताब होते. २३ वर्षांच्या व्हाइटचा हा पहिलाच.

व्यावसायिक स्नूकरच्या पसाऱ्यात ही स्पर्धा लहानच. जागतिक अजिंक्यपदाची फायनल १८ फ्रेम, म्हणजे डाव, जिंकेपर्यंत, दोन दिवस चालते. इथं पाच फ्रेम घेतल्या की संपलं. त्या वर्षी जगज्जेत्याला तीन लाख पौंड मिळाले, मुंबईच्या विजेत्याला ५० हजार. पण मला अशाच स्पर्धांचं मोल जास्त वाटतं. मोठ्या सामन्यात मुरलेला खेळाडू सकाळची पिछाडी संध्याकाळी भरून काढतो. छोट्या सामन्यात तेवढी सवड कुणालाच नसते, आणि नव्या पोराला तिथंच वाट सापडते.

टेबलाजवळ गेल्याशिवाय हा खेळ किती नाजूक आहे ते कळत नाही. बारा फूट लांब, सहा फूट रुंद. हिरव्या लोकरी कापडाखाली पाटीच्या दगडाच्या जड फरश्या. कापडाला लव असते, तिची दिशा डाव जिथून सुरू होतो त्या बॉक लाइनकडून काळ्या चेंडूकडे. ब्रश आणि इस्त्री त्याच दिशेनं फिरवायची. हळू मारलेला चेंडू लवेमुळे किंचित वळतो, हे मुरलेल्या हाताला न बघता कळतं. दमट हवेत कापड ओल धरतं आणि चेंडू जड चालतो. म्हणून व्यावसायिक सामन्यांत दगडाखाली हीटर लावून टेबल कोरडं ठेवतात. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात तर त्याची किंमत विचारू नका.

हा खेळ आपल्याकडचाच, तोही छावणीतला. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्यानं बिलियर्ड्सच्या टेबलावर जास्तीचे रंगीत चेंडू मांडून तो सुरू केला, असं मानतात. नगरसारख्या लष्करी गावातल्या वाचकाला मेसमधलं ते टेबल डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडू नयेत. पुढं टेबल क्लबांत गेलं, आणि क्लबचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. तरी पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले; कोणत्याही खेळात वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय.

व्यावसायिक स्नूकरची वाट मात्र इंग्लंडमधून जाते. मुंबईचा आदित्य मेहता ती चालला. २०१३ साली दिल्लीत, याच इंडियन ओपनच्या पहिल्या वर्षी, तो फायनलला पोहोचला. रँकिंग स्पर्धेच्या फायनलपर्यंत तोवर एकही भारतीय गेला नव्हता. तिथं चीनच्या डिंग जुनहुईनं त्याला ५-० हरवलं. आकडा निष्ठुर आहे, पण तिथवरची मजल त्यानं झाकोळू नये.

मुंबईनंतर स्पर्धा हैदराबादला गेली, तिथं अँथनी मॅकगिलला आयुष्यातला पहिला रँकिंग किताब मिळाला. विशाखापट्टणमला मॅकगिल पुन्हा फायनलला आला, पण जॉन हिगिन्सपुढं त्याची डाळ शिजली नाही. २०१९ साली कोचीत मॅथ्यू सेल्ट जिंकला. २००२ साली व्यावसायिक झालेल्या सेल्टचाही तो पहिलाच. पाच विजेत्यांपैकी तिघांचं खातं इथं उघडलं. आपल्या मातीतल्या कुणाचं उघडण्याआधीच, कोचीनंतर, ही स्पर्धा वेळापत्रकातून गळाली.