पेरोज: ओळख आणि मूळ खाण

पेरोज हे तांबे आणि ॲल्युमिनियमचे सजल फॉस्फेट. निळा रंग तांब्याचा. लोहाचे प्रमाण वाढले की खडा हिरवट दिसतो. मोहस श्रेणीत त्याची कठिनता 5 ते 6 भरते. पेरोज म्हणून खपवला जाणारा, रंग चढवलेला हॉवलाइट बराच मऊ, सुमारे 3.5. ॲसिटोनचा बोळा खड्याच्या मागच्या बाजूस फिरवला, की अनेकदा हॉवलाइटचा रंग कापसावर उतरतो.

   

खडा खरा पेरोज ठरला, तरी तो कोणत्या खाणीतला हा प्रश्न उरतोच. 17व्या शतकात सुरतेला वारंवार आलेला फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निए याने 1676च्या प्रवासवर्णनात इराणमधील पेरोजाच्या दोन खाणी वेगळ्या सांगितल्या आहेत: निशापूरजवळची ‘जुनी’ आणि पांढुरक्या निळाईची ‘नवी’. निव्वळ रंगावरून असा निवाडा आज टिकत नाही, कारण ॲरिझोना आणि चीनच्या हुबेई प्रांतातही उत्तम निळा पेरोज निघतो. खड्याला चिकटलेला मूळ खडक आणि लिमोनाइटच्या तपकिरी शिरा काही माग देतात. हायड्रोजन व तांब्याच्या समस्थानिकांचे प्रमाण त्याहून भरवशाचे.

घासणीत मूळ खडकच निघून जातो. त्यामुळे सुरतेसारख्या रत्नबाजारात कच्च्या खड्यासोबत आलेली, खाण आणि जिल्हा नोंदवलेली चिठ्ठी जपून ठेवावी.