'कुदिसि' की 'कुडिसि'? : औषधाच्या बाटलीवरची भाषा

सीमाभागात भाषेचा प्रश्न म्हटला की पाट्या, शाळा आणि जमिनीचे उतारे डोळ्यांसमोर येतात. औषधाच्या बाटलीकडे कुणाचे लक्ष जात नाही. लेकराचा कान फुटला, छाती भरली की डॉक्टर पुष्कळदा पुडीचे अँटिबायोटिक लिहून देतात. बाटलीत कोरडी पूड, पाणी घरी घालायचे. कसे घालायचे ते लेबलवर असते, पण बारीक इंग्रजीत. आणि दुकानदार सांगतो ते कानडीत, तेही घाईत.

घोटाळा होतो तो इथेच. कानडीत 'कुदिसि' म्हणजे उकळून आणि 'कुडिसि' म्हणजे पाजून. द आणि ड यांतला फरक गर्दीत कानाला कळत नाही. 'कुदिसि आरिसिद नीरु' म्हणजे उकळून निववलेले पाणी, एवढे तरी आमच्या माय-बहिणींनी ध्यानात ठेवावे. निववलेलेच हवे, गरम पाण्याने औषधाचा गुण जातो. दूध तर मुळीच घालू नये.

आधी बाटली तळहातावर आपटून चिकटलेली पूड सुटी करावी. बाटलीवर बाण किंवा रेघ असते. प्रथम तिच्या बरेच खाली राहील इतके पाणी घालून, बूच लावून जोराने हलवावे. फेस बसू द्यावा. मग रेघेपर्यंत पाणी घालून पुन्हा हलवावे. एकदाच ओतून मोकळे झाले की पूड भिजताच पातळी खाली उतरते, औषध घट्ट राहते आणि प्रत्येक मापात जास्त जाते. रेघेच्या वर गेले तर उलटे. मात्रा कमी पडते, दुखणे हटत नाही. खोक्यात पाण्याची कुपी असेल तर तेच पाणी वापरावे.

माप झाकणाचे किंवा सोबतच्या पेल्याचे घ्यावे. कुणाच्या घरचा चमचा केवढा, याला नेम नाही. एकाच नावाचे औषध 5 मिलीला 125 मिलिग्रॅम आणि 250 मिलिग्रॅम असे दोन्ही मिळते, म्हणून शेजारणीचे प्रमाण आपल्या पोराला लावू नये. दर वेळी बाटली हलवावी. ताप उतरला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करावेत. कालवलेले औषध बहुधा 7 दिवस टिकते. उरलेले पुढच्या आजाराला ठेवू नये. काहींना फ्रीज लागतोच. घरी नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे, दुसरे औषध असू शकते.

भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व जुने आहे. दवाखान्याच्या खिडकीवर मराठीत चार ओळी लावण्यास कोणाची हरकत असू नये, असे आम्हांला वाटते. पण कागद हलेपर्यंत पोराचा ताप थांबत नाही. तोवर दुकानातच विचारावे, 'अण्णा, नीरु एल्लितनक?' पाणी कुठवर, एवढाच अर्थ. अण्णा रेघेवर बोट ठेवतो. तिथे पेनाने खूण करून घ्यावी आणि कालवल्याची तारीख लेबलवर मराठीत लिहावी.