किल्लारीनंतरची घरे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असताना, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. हजारो माणसे स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. भिंती चांगल्या दोन-अडीच फूट रुंद होत्या. पण दगड मातीत रचलेले, आणि भिंतीचा आतला व बाहेरचा थर सांधणारा आरपार दगड बहुधा नसे. हादऱ्यासरशी दोन्ही थर विलग झाले आणि वरचे मातीचे जड माळवद निजलेल्यांवर कोसळले.

पुढे पुनर्वसन दोन रीतींनी झाले. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे मजबूत झाली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु अनेक ठिकाणी आराखडा नगररचनेचा होता: सरळ रुंद रस्ते आणि चौकोनी भूखंडांच्या रांगा. गुरे कोठे बांधावीत, कडबा कोठे रचावा, बायकांनी दळण-निवडण करीत कोठे बसावे, याचा विचार कागदावर क्वचितच उमटला. शिवाय घराचे क्षेत्रफळ जमिनीवर ठरले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्याहून अधिक असल्यास ७५०. भूमिहीनाच्या घरी माणसे कमी असतात, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे, ते आम्हांस ठाऊक नाही. बाबासाहेबांच्या मार्गाने चालणाऱ्या वाचकांना या तीन आकड्यांचा अर्थ निराळा सांगावयास नको. पुढे लोकांनी या घरांपुढे पत्र्याच्या शेड उभारल्या, त्या गरजेपोटीच.

दुसरी रीत दुरुस्तीची. हजाराहून अधिक गावांत घरमालकाने शासनाच्या साहाय्याने आपले घर स्वतःच बळकट करून घ्यावयाचे होते. या कामात महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमले गेले. घरोघर जाऊन त्या योजना समजावीत, अभियंत्याचे म्हणणे गावाला आणि गावाच्या अडचणी अभियंत्याला सांगत. आरपार दगड कशासाठी, भिंतीभोवतीचा पट्टा कोठे घालावयाचा, हे शिकलेली बाई मग गवंड्याच्या कामावरही लक्ष ठेवू लागली. पहिल्या रीतीत घर हाती आले. दुसरीत घर बांधण्याचे ज्ञानही गावात राहिले, असे आमचे मत आहे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे स्थापत्य शिकत आहेत, त्यांनी ही दोन्ही प्रकारची गावे एकदा पायी हिंडून पाहावीत. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातील यांपैकी काही स्त्रिया तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगावयास गेल्या होत्या.