प्रमाणपत्र नवे, इशारा जुनाच

घरच्या सर्व्हरवरचे फोटो उघडताना ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो, तेव्हा पहिला संशय हॅकरवर जातो. अनेकदा दोष सर्व्हरच्या प्रमाणपत्राच्या उलटलेल्या तारखेचा असतो. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ची नेहमीची मोफत प्रमाणपत्रे 90 दिवस चालतात, सुमारे 30 दिवस उरले, की सर्टबॉट हा प्रोग्राम ती आपणहून बदलून घेतो. मात्र त्याच्या रूढ पद्धतीला 80 क्रमांकाचा पोर्ट बाहेरून उघडा लागतो. राउटर नवा आला, पोर्ट फॉरवर्डिंग करायचे राहिले, की नूतनीकरण गुपचूप फसते. पोर्ट उघडणे शक्यच नसेल, तर डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद करूनही डोमेनवरचा ताबा सिद्ध करता येतो.

कधी प्रकार आणखी चमत्कारिक: नवे प्रमाणपत्र डिस्कवर हजर, पण एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मेमरीतले जुनेच दाखवत बसतो. रीलोड केले की झाले!

दुरुस्तीआधी ‘ड्राय रन’ चाचणी घ्यावी. कारण एका नावासाठी तासाला पाच खरे प्रयत्न फसले, की पुढचे रोखले जातात.

मुदत संपत आल्याचे ईमेल ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने जून 2025मध्ये बंद केले, त्यामुळे कॅलेंडरात नोंद हवीच. 15 मार्च 2029पासून तर सर्वच सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत 47 दिवस होणार आहे.