हाडास जागविणारा लेप

दांत गेले म्हणजे मुखाची शोभा तर जातेच. पण आजोबांच्या पानांतील भाकरी जाते, आणि तिच्याबरोबर पंक्तीचें सुखहि जातें. म्हणून जबड्याच्या हाडांत टिटॅनियम धातूचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दांत चढविण्याची विद्या अनेक कुटुंबांस वरदान वाटते. या विद्येचें सारें यश हाड त्या धातूस आपलेंसें करतें कीं नाहीं, यावर अवलंबून असतें.

१९५२ च्या सुमारास स्वीडनमधील संशोधक पेर-इंगव्हार ब्रोनमार्क हे सशाच्या पायाच्या हाडांत टिटॅनियमचें उपकरण बसवून रक्ताभिसरण निरखीत होते. पुढें तें काढूं गेले, तों निघेना. हाडानें त्यास घट्ट कवटाळलें होतें. १९६५ मध्यें त्यांनीं मनुष्याच्या जबड्यांत असे स्क्रू बसविले. मात्र हाड धातूशीं एकजीव होण्यास कांहीं महिने लागतात. स्क्रू आरंभीं केवळ आट्यांच्या पकडीवर उभा असतो. पहिल्या कांहीं आठवड्यांत शरीर दुखावलेलें हाड झिजवितें आणि नवें मागाहून भरतें. हा मधला काळ नाजूक होय.

तो निभावून नेण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं दुसऱ्या एका शोधाकडे धांव घेतली. अमेरिकन शस्त्रवैद्य मार्शल युरिस्ट यांनीं १९६५ मध्यें असें दाखविलें कीं, क्षार काढून टाकलेलें हाड प्राण्याच्या स्नायूंत ठेविलें असतां तेथेंहि नवें हाड उपजतें. हें घडविणाऱ्या द्रव्यांस पुढें ‘बीएमपी’, म्हणजे अस्थिजनक प्रथिनें, असें नांव मिळालें. हीं प्रथिनें आसपासच्या पेशींस हाड घडविण्याचा निरोप देतात. जबड्यांतील कमी पडलेलें हाड वाढविण्यासाठीं अशा एका प्रथिनाचा उपयोग करण्यास अमेरिकेंत २००७ मध्यें परवानगी मिळाली. तेथें तें कोलॅजेनच्या स्पंजांत भिजवून ठेवितात.

मग स्क्रूवरच त्याचा लेप कां देऊं नये? अडचण मात्रेची आहे. साधा लेप रक्तांत लवकर विरघळून जातो. म्हणून कॅल्शियम फॉस्फेटच्या थरांत प्रथिन मुरवून तें हळूहळू सुटेल अशी योजना करितात. उलट, मात्रा अधिक झाली तर हाड झिजविणाऱ्या पेशीहि चाळवतात. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा वेळीं स्क्रूभोंवतीं द्रव सांचल्याचें आणि स्क्रू जागचा ढळल्याचें आढळलें आहे.

सारांश, हा लेप अद्यापि नित्याच्या उपचारांत रूढ झालेला नाहीं. घरांतील वडीलधाऱ्यांस कोणी त्याचें आश्वासन दिलें, तर याचे प्रयोग माणसांवर झाले आहेत काय आणि ते किती वर्षें टिकले, हें दंतवैद्यांस अवश्य विचारावें. तोंवर तंबाखू सोडणें, मधुमेह आटोक्यांत ठेवणें, तोंड स्वच्छ राखणें आणि दंतवैद्य सांगतील तितके दिवस त्या दांतावर जोर न देणें, हें तर आपल्याच हातीं आहे. निरोप कितीहि उत्तम असला, तरी तो ऐकणारें हाड निरोगी असावें लागतें.